पोटाला चिमटा

माणसाच्या सगळ्या अवयवांत मराठी भाषेने पोटावर जितकी माया केली आहे, तितकी दुसऱ्या कशावर केली असेल असे मला वाटत नाही. अपराध आपण पोटात घालतो, गुपित पोटात ठेवतो, गोड बोलून दुसऱ्याच्या पोटात शिरतो. कुणाचे हातावर पोट असते, कुणाच्या पोटावर पाय येतो आणि ज्याच्यासाठी जीव तुटतो तो पोटचा गोळा असतो. या सगळ्या वाक्प्रचारांत मला जवळचा वाटतो तो पोटाला चिमटा काढण्याचा. शाळेत त्याचा अर्थ सांगतात : स्वतः कमी खाऊन बचत करणे. वाक्यात उपयोग ठरलेला असतो : आईने पोटाला चिमटा काढून मुलांना शिकवले. आमच्या घरात मात्र या वाक्प्रचाराचे दोन अर्थ झाले, एक आईचा आणि एक माझा. आईने आपल्या पोटाला काढलेला चिमटा फुकटचा होता. माझ्या पोटाला तो पुण्याच्या एका शल्यविशारदांनी काढला आणि त्याला तीन लाख रुपये पडले.

आईच्या चिमट्यापासूनच सुरुवात केली पाहिजे, कारण तो आधीचा. तिचे माहेर पाथर्डी तालुक्यातले. आमच्या जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, तरी जुन्या माणसांच्या तोंडी तो अजून 'नगर जिल्हा'च आहे. तसेच दुष्काळाचे. दुष्काळ पुष्कळ आले आणि गेले, पण नुसते 'दुष्काळ' म्हटले की तो १९७२ चा. तेव्हा आई बारा वर्षांची होती. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे सरकारी दुष्काळी कामांवर होती. कुणी खडी फोडत होते, कुणी पाझर तलावाची माती वाहत होते. त्या ५० लाखांत माझी आजी होती आणि तिच्या मागे डोक्यावर पाटी घेऊन चालणारी आई होती. रेशनवर परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी मिळे. कामावर सुकडी वाटत. आई आपल्या वाट्याची सुकडी अर्धी खाई आणि अर्धी परकराच्या ओच्यात बांधून धाकट्या भावाला आणी.

"मग तुला भूक लागायची नाही का गं?" मी लहानपणी एकदा विचारले होते.

"लागायची की. पण पोटाला फडकं करकचून बांधलं, की कमी लागती," आई म्हणाली होती. एखादी मैत्रीण भाजी चिरण्याची युक्ती सांगेल, इतक्या सहजपणे तिने हे सांगितले.

पुढे तिचे लग्न झाले आणि ती राहुरीकडे आली. नगर जिल्ह्याचे असे दोन जिल्हे आहेत. दक्षिणेचा जिल्हा आभाळाकडे पाहतो, उत्तरेचा कालव्याकडे. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाने १९५० साली प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा केला आणि त्यामागून उत्तरेत उसाचे आणि चिमण्यांचे राज्य आले. माझे वडील एका कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते. म्हणजे मिलोच्या भाकरीवर वाढलेली मुलगी लग्न करून साखरेच्या गावी आली. तिच्या दृष्टीने हा स्वर्गच होता आणि स्वर्गात आल्यावर तिने एकच पण केला : या घरात कुणाचे ताट रिकामे दिसता कामा नये.

त्या पणाचा पहिला लाभ मला झाला. मी घरातली थोरली. सकाळी दुधात कुस्करलेली भाकरी, वर साय. शाळेतून आले की गूळ-शेंगदाणे. रात्री ताटातली भाजी संपायच्या आत दुसरी वाढलेली असे, आणि ती संपवली की आईच्या चेहऱ्यावर असे काही समाधान उमटे, की त्यासाठी तिसरी वाढही घ्यावी. शेजारणी म्हणत, "पोर अंगानं भरलीय हो, खात्यापित्या घरची दिसते." आईला ते बक्षिसासारखे वाटे. कारखान्यावरचे गाडीवान मात्र वडिलांना म्हणत, "अण्णा, पोरीला काट्यावर आणू नका, उसाचं वजन चुकंल!" वडील हसत. मीही हसत असे. जाड मुलीला लहानपणीच एक विद्या येते. लोक हसायच्या आत आपणच हसून घ्यायचे.

अठ्ठाविसाव्या वर्षी माझे वजन ११४ किलो होते आणि उंची पाच फूट दोन इंच. मुलगी झाली तेव्हा साखर वाढली होती, ती नंतर उतरलीच नाही. बालवाडीत मुलांबरोबर जमिनीवर बसले की उठताना भिंतीचा आधार लागे. रात्री घोरता घोरता श्वास अडकून मी दचकून जागी होई. उपाय सगळे झाले होते. मेथ्या झाल्या, मध आणि कोमट पाणी झाले, सोळा सोमवार झाले. पहाटे नगर-मनमाड रस्त्याने चालणे झाले. वजन आठ किलो उतरे आणि दहा किलो चढे. एकादशीला मी उपाशी राही आणि आई द्वादशीला त्याची भरपाई करी.

या सगळ्याचे मूळ कशात, याविषयी पुष्कळ वर्षांनी मी एका पुण्याच्या डॉक्टरांचे काम वाचले आणि थबकले. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले एक छायाचित्र छापून आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण युडकिनसाहेबांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांत त्यांनी १९९३ पासून गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडच्या साउथहॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळे हाडामांसाने पुष्कळ कमी, पण चरबी मात्र त्या मानाने राखून ठेवलेली. जणू आईच्या पोटातच बाळाला कुणी बजावले असावे, की बाहेर दिवस वाईट आहेत, शिदोरी बांधून घे.

माझ्या शिदोरीचे गणित नेमके तसेच होते, असे म्हणायला मी डॉक्टर नाही. पण ते वाचताना मला पोटाला फडके बांधलेली बारा वर्षांची मुलगी दिसली. त्या मुलीच्या पोटी मी जन्मले आणि तिची न भागलेली भूक तिने माझ्या ताटात वाढली. यात दोष कुणाचा म्हणायचा?

शस्त्रक्रियेचा विचार माझ्या डॉक्टरांनी काढला. त्या काळी बँडचे नाव बरेच ऐकू येई. सिलिकोनचे एक मऊ कडे असते. ते जठराच्या अगदी वरच्या भागाभोवती, अन्ननलिका संपते तिथे बसवतात. कड्याच्या वर जठराचा दोन मोठ्या चमच्यांएवढा कप्पा राहतो. तो भरला की पोट भरल्यासारखे वाटते आणि अन्न कड्यातून हळूहळू खाली झिरपते. कड्याच्या आतल्या अंगाला एक फुगा असतो. त्याला जोडलेली बारीक नळी पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या एका बटणापर्यंत आणलेली असते. त्या बटणात सुई घालून मिठाचे पाणी भरले की कडे आवळते, काढले की सैल पडते. जठराचा कुठलाही भाग कापायचा नाही, काढायचा नाही. नको झाले तर कडे काढून टाकता येते. हे शेवटचे वाक्य ऐकून माझा जीव भांड्यात पडला. आपल्याकडे परत करता येणारी वस्तू नेहमी जास्त आवडते.

असे कमी-जास्त करता येणारे कडे लुबोमिर कुझमाक या अमेरिकेतल्या शल्यविशारदांनी १९८६ मध्ये पुढे आणले. पोट न उघडता, दुर्बिणीतून ते बसवण्याची रीत मिटिकू बेलाच्यू यांनी १९९३ मध्ये बेल्जियममध्ये घालून दिली. हे बेलाच्यू मूळचे इथियोपियाचे. ज्या देशाचे नाव दुष्काळाच्या बातम्यांमुळे आमच्या कानी पडले, तिथे जन्मलेल्या माणसाने जास्त खाणाऱ्यांच्या पोटाला चिमटा काढण्याची रीत जगाला द्यावी, यात मला दैवाची एक अजब चाल दिसते. तो माणूस आणि माझी आई समोरासमोर आली असती, तर भाषेवाचूनही त्यांना एकमेकांचे पुष्कळ समजले असते.

आईला मात्र या शस्त्रक्रियेतले काही समजेना. किंवा असे म्हणू, की तिला फार लवकर समजले.

"म्हणजे पोटाला फडकंच बांधायचं की," ती म्हणाली. "ते आतून बांधणार, एवढंच. आन् त्याचं पैकं द्यायचं?"

तिच्या डोळ्यांत पाणी आले होते. जे फडके सोडायला तिला अर्धे आयुष्य लागले, ते मुलगी दाम मोजून बांधून घ्यायला निघाली होती. तरी पैसे कमी पडले तेव्हा पाटल्या तिनेच काढून दिल्या.

जानेवारी २०१० मध्ये शस्त्रक्रिया झाली. पोटावर पाच बारीक छेद, तिसऱ्या दिवशी घरी. पहिले दोन आठवडे नुसते पातळ : ताक, वरणाचे पाणी, गाळलेले सूप. पुढे दोन-तीन आठवडे मऊ : मुगाचे घट्ट वरण, गुरगुट्या भात, उकडून कुस्करलेला दुधी. मग खऱ्या जेवणाला सुरुवात झाली आणि तीस वर्षांची बाई नव्याने जेवायला शिकू लागली. घास बोटाच्या पेराएवढा. तो तोंडात घेऊन त्याचे पाणी होईपर्यंत चावायचा, गिळला की थांबायचे, मग पुढचा. जेवताना पाणी प्यायचे नाही. लहानपणी आजी 'एका घासाला बत्तीस वेळा चाव' म्हणत असे. आजीचे न ऐकणाऱ्यांसाठी विज्ञानाने हे कडे काढले असावे.

कुठला पदार्थ कड्यातून जाईल आणि कुठला अडेल, याचे शास्त्र पुस्तकात नव्हते, ते माझे मलाच रचावे लागले. बाजरीची भाकरी पातळ आमटीत कुस्करली तर जाई, पण ताजी मऊ पोळी गोळा होऊन अडे. भात घाईने खाल्ला की अडे. साबुदाण्याची खिचडी तर लगद्यासारखी चिकटून बसे, त्यामुळे उपवास आपोआप खरा घडू लागला. घास अडला की छातीच्या मध्यभागी मूठ दाबल्यासारखे होई, तोंडाला लाळ सुटे, फेस येई आणि मोरीकडे धावावे लागे. तो उलटून पडला की एकदम मोकळे. पण तेवढ्या दोन-चार मिनिटांत डोळ्यांपुढे काजवे चमकत.

आणि गंमत अशी, की या कड्याला साखर ओळखता येत नव्हती. भाकरीला ते अडवी, आणि श्रीखंडाला, बासुंदीला, उसाच्या रसाला वाट मोकळी देई. मऊ आणि पातळ तेवढे सगळे बिनबोभाट खाली उतरे. डॉक्टर प्रत्येक भेटीत हेच बजावत, की कडे पहारेकरी आहे, पण तो आंधळा आहे. पुण्याच्या दवाखान्याच्या बाकावर भेटलेली एक बाई मला म्हणाली होती, "अहो, माझं कडं फार चांगलं बसलंय. भात जात नाही, पण आइस्क्रीमला काही त्रास नाही." बिचारीचे वजन वर्षभरात चार किलोही उतरले नव्हते. साखर कारखान्याच्या गावात राहणाऱ्या बाईने या गोष्टीवर किती विचार केला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

कड्यात पाणी भरून घ्यायला पुण्याला जावे लागे. राहुरीहून नगर, नगरहून एस. टी.ने सुपे, शिरूर, रांजणगाव करीत पुणे. जाऊन येऊन सबंध दिवस जाई, सुईचे काम पाच मिनिटांचे. कधी जास्त आवळले गेले, तर दोन दिवसांनी पुन्हा तोच रस्ता. हा प्रवास आयुष्यभराचा आहे, हे शस्त्रक्रियेपूर्वी मला कुणी धड सांगितले नव्हते. आधी सगळे बोलणे कड्याविषयी झाले, एस. टी.विषयी कुणी बोललेच नाही.

तरी त्या कड्याने दिले ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. दोन वर्षांत मी ७९ किलोवर आले. साखरेची गोळी बंद झाली. रात्री झोप लागू लागली. बालवाडीत मुलांबरोबर मांडी घालून बसता येऊ लागले आणि मुख्य म्हणजे उठता येऊ लागले. कादंबरी लिहायला मी रात्री बसते. पूर्वी दहा वाजता डोळे मिटत, आता बारापर्यंत लेखणी चाले. एकदा एक चार वर्षांची मुलगी मांडीवर येऊन बसली आणि तिच्या कोपराला कातडीखालचे ते बटण लागले. तिने चाचपून पाहिले आणि विचारले, "बाई, हे दाबलं की तुम्ही बंद होता?" त्या दिवशी मी जितकी हसले, तितकी कारखान्यावरच्या एकाही विनोदाला हसले नव्हते.

लोकांना माझ्या शस्त्रक्रियेचे स्वरूप पहिले वर्षभर कळलेच नव्हते. पोटात गाठ होती, असा गावाने निकाल लावून टाकला होता. मग २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतल्याची बातमी आली आणि गावाला एकाएकी उलगडा झाला. "म्हणजे तुमचं बी गडकरीसाहेबांवानीच का?" असे मला बाजारात विचारले गेले. मी हो म्हटले. एका मोठ्या माणसाच्या पोटामुळे माझ्या पोटाची बेअब्रू कमी झाली. पण सगळ्यांच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत इजिप्तच्या इमान अहमद यांना उपचारासाठी मुंबईत आणले. त्यांचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगत होते. क्रेनने पलंगासकट उचलून त्यांना रुग्णालयात नेतानाचे चित्र दूरदर्शनच्या प्रत्येक वाहिनीवर पुन्हा पुन्हा दाखवत होते. आईने उठून संच बंद केला. "लेकरू हाय कुणाचं तरी," एवढेच ती म्हणाली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्या अबूधाबीला वारल्या.

कड्यासह जगताना सर्वांत अवघड पदार्थ कुठला, असे मला कुणी विचारले तर मी म्हणेन, आग्रह. आपल्याकडे प्रेम बोलून दाखवायची रीत कमी. ते वाढून दाखवायचे असते. हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला, वास्तुशांतीला, जिथे जावे तिथे 'एवढं तरी घ्याच' म्हणत एक हात पुढे येतो. 'नको' हा शब्द आपल्या पंगतीत नकार मानला जात नाही, तो संकोच मानला जातो. नको म्हणणाऱ्याला दुप्पट वाढतात. तिथे मी चार घासांवर हात आडवा धरी आणि यजमानीण खट्टू होई. एकीने तर तोंडावर म्हटले, "आमच्याकडचं चालत नाही वाटतं!"

मग आईचे काय झाले असेल! पहिले सहा महिने तिने माझ्या ताटाकडे पाहिले की पदर डोळ्यांना लावावा. पण घास अडून मी एकदा घुसमटले, तेव्हापासून तिने मला एकटीला जेवू देणे बंद केले. आमच्याकडे बायका मागाहून जेवतात. आई तर सर्वांच्या मागाहून, चुलीपाशीच, उरलेसुरले, दहा मिनिटांत. जेवताना तिला मी नीट पाहिलेही नव्हते. आता मला जेवायला चाळीस मिनिटे लागत. तेवढा वेळ नुसते समोर बसून काय करायचे, म्हणून तिने आपलेही ताट वाढून घेतले. आईला आधी अवघडल्यासारखे झाले. गरम भाकरी ताटात घेऊन बसायची तिला सवय नव्हती, ती सारखी उठायला पाही. मी म्हणे, "आई, मी अडकले तर?" की ती बसे. मी घास चावत असताना ती बोले. दुष्काळाच्या कितीतरी गोष्टी, आजीचे शब्द, खडीचा ढीग मोजणारा मुकादम, हे सारे त्या चाळीस मिनिटांत माझ्या वाट्याला आले. पूर्वी आम्ही दोघी जेवणावर प्रेम करीत होतो, पण बरोबर जेवलो नव्हतो.

नवव्या वर्षी कडे घसरले. रात्री आडवे झाले की खोकल्याची उबळ येई, आंबट पाणी नाकातोंडात येई, आणि साधे ताकही राहीना. बेरियम पाजून क्ष-किरण चित्र घेतले. एरवी चित्रात तिरपे दिसणारे कडे आडवे पडले होते आणि जठराचा भाग त्यातून वर सरकला होता. आधी सुईने सगळे पाणी काढून ते सैल केले. त्याने भागले नाही, तेव्हा २०१९ मध्ये दुर्बिणीतूनच कडे काढून टाकले. तेवढ्या वर्षांत बँडची पद्धतच मागे पडली होती. असे घसरणे, जठरात रुतणे, नळी गळणे हे प्रकार जगभर दिसले होते आणि डॉक्टर आता जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग काढून नळीसारखे जठर ठेवण्याची शस्त्रक्रिया अधिक करतात. मलाही ती सुचवली होती. ज्यांनी ती केली, त्यांतल्या पुष्कळांचे कल्याण झालेले मी पाहिले आहे, म्हणून तिच्याविरुद्ध माझ्या तोंडून एक शब्द निघायचा नाही. पण तिथे परतीची वाट नाही. मी डॉक्टरांकडे दोन वर्षांची मुदत मागितली. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचे आणि साखर ठरल्या रेषेच्या वर गेली तर शस्त्रक्रिया, असा आमचा करार झाला.

कडे निघाले त्यानंतरचा पहिला महिना मी विसरणार नाही. भूक परत आली. नऊ वर्षे परगावी राहिलेली व्यक्ती अचानक दारात उभी राहावी आणि आपल्याच घरात असल्यासारखी थेट स्वयंपाकघरात शिरावी, तशी ती आली. मी सबंध भाकरी खाल्ली आणि ती बिनबोभाट उतरली. मला आनंद होण्याऐवजी भीती वाटली. आता आत कुणी थांबवणारे नव्हते.

आमच्या जिल्ह्यातल्याच नेवाश्याला १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. गीतेचा सहावा अध्याय तीत विवरून सांगितला आहे : अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसा मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, आहार मोजका हवा. लहानपणापासून कीर्तनांत हे ऐकत आले होते. तेव्हा वाटे, हे योग्यांचे काम, आपला काय संबंध? आता कळले, की माप हाच आमच्या घरातला न सुटलेला प्रश्न होता. आईच्या लहानपणी माप सरकारने ठरवले, माझ्या लहानपणी ते आईच्या धास्तीने ठरवले आणि नऊ वर्षे ते सिलिकोनच्या कड्याने ठरवले. माझे मी ठरवायची वेळ आता आली होती.

मी वेगळे काही केले नाही. कडे नव्हते, पण चाळीस मिनिटे होती. लहान घास होता, आणि समोर आई होती. तेवढेच मी धरून ठेवले. वजन ७९ वरून चढले, ८८ वर येऊन थांबले. साखरेची गोळी पुन्हा सुरू झाली, पण पूर्वीच्या निम्मी. मुदतीची दोन वर्षे कधीच उलटली. डॉक्टर दर खेपेला कागद पाहतात आणि म्हणतात, "बघू, पुढच्या वेळी." या उत्तरावर मी समाधानी आहे. पोटावर पाच बारीक व्रण आहेत, आणि बटण होते तिथे एक खळगा आहे. बालवाडीतल्या मुलांना आता दाबायला काही सापडत नाही.

गेल्या दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या रात्री आम्ही सगळे एकत्र बसलो होतो. पुरणपोळ्या होत्या. आई आता पासष्ट वर्षांची आहे. तिने माझ्या ताटात अर्धी पोळी वाढली, वर तूप सोडले आणि दुसरा अर्धा भाग हातात धरून विचारले, "पुरे का गं?"

मी म्हटले, "पुरे."

तिने तो अर्धा भाग परत ठेवला. आग्रह केला नाही, डोळ्यांना पदरही लावला नाही. आम्ही जेवत राहिलो. बाहेर पोरे फटाके उडवत होती. आईचे ताट माझ्या आधी संपले. ती नेहमीसारखी उठेल असे मला वाटले, पण ती उठली नाही. थोडा वेळ बोटाला लागलेले पुरण चाटत बसली आणि मग, आजवर तिच्या तोंडून मी कधीही न ऐकलेले वाक्य, जरा लाजत बोलली.

"मला आणखी एक वाढ की गं."